नारा की कामाकुरा : एकच दिवस असेल तर

मध्ययुगीन जपानमध्ये बौद्ध कला आणि राजसत्ता एकमेकींत किती गुंतल्या होत्या हे प्रत्यक्ष पाहायचे असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर नाराचे तोदाइजी मंदिर निवडावे की कामाकुराचा महाबुद्ध? दोन्हीकडच्या मूर्ती कांस्याच्या आणि भव्य आहेत, पण माझा कौल नाराला आहे.

तोदाइजीची मूर्ती मुळात सम्राट शोमूने घडवून घेतली आणि ७५२ साली भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने तिचे नेत्रोन्मीलन (डोळे रेखून प्रतिष्ठापना) केले. ११८०-८१च्या हिवाळ्यात ताइरा या योद्धा घराण्याच्या सैन्याने लावलेल्या आगीत मंदिर भस्मसात झाले व मूर्तीचीही मोठी हानी झाली. साठीतल्या चोगेन या भिक्षूने देशभर वर्गणी मागत जीर्णोद्धार हाती घेतला, आणि त्यात आपलाही हात लागावा असे प्रत्येक सत्ताधाऱ्याला वाटू लागले. ११८५ साली निवृत्त सम्राट गो-शिराकावाने बोधिसेनाचाच जपून ठेवलेला कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे रेखले. ज्याच्या पक्षाने ताइरांचा पाडाव केला तो, कामाकुरात योद्ध्यांची राजवट उभारणारा मिनामोतो नो योरितोमो जीर्णोद्धाराला देणग्या देऊन ११९५च्या सोहळ्याला फौजेसह हजर राहिला.

मात्र आजच्या मूर्तीचे मस्तक आणि वरची इमारत बऱ्याच नंतरची आहे, म्हणून खरा वेळ दक्षिण महाद्वारापाशी द्यावा. उनकेइ आणि काइकेइ या शिल्पकारांनी सहकाऱ्यांसह १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत उभे केलेले, आठ मीटरांहून उंच असे दोन लाकडी द्वारपाल तिथे आहेत; त्यांच्या ताणलेल्या स्नायूंत नव्या योद्धेशाहीची धमक मला दरबारी कलेतल्या कोणत्याही शांत मूर्तीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

कामाकुरा टोकियोहून रेल्वेने तासाभरावर आहे, ही त्याची मोठी सोय. तिथल्या सुमारे ११.३ मीटर उंच अमिदा (अमिताभ) बुद्धाचे ओतकाम १२५२ साली सुरू झाले. शिल्प म्हणून त्याचा चेहरा मला नाराच्या बुद्धापेक्षा सरस वाटतो. पण मूर्ती योद्ध्यांच्याच राजधानीत असूनही तिच्यावर कोणा राज्यकर्त्याची ठळक मुद्रा नाही. तिच्याआधीच्या लाकडी मूर्तीसाठी जोको नावाच्या भिक्षूने लोकांकडून निधी गोळा केला होता. त्यामुळे कामाकुराच निवडलेत, तर महाबुद्धावर न थांबता एंगाकुजी या झेन मंदिरालाही जावे. मंगोल आक्रमणांत पडलेल्या दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी तेव्हाचा कामाकुराचा राज्यकर्ता होजो तोकिमुने याने ते १२८२ साली स्थापन केले.