इतवारीतील पत्र्याच्या पेट्यांचे दुकान

धाकट्या बहिणीला लष्कराच्या चेन्नईतील अधिकारी प्रशिक्षण अकादमीत रुजू व्हायचे असल्याने पत्र्याची काळी पेटी घेण्यासाठी आम्ही नागपूरच्या इतवारीतील एका जुन्या दुकानात गेलो. पेटी दाखवण्याआधी दुकानदारकाकांनी रुजू होण्याच्या सूचनांचे पत्र मागून घेतले आणि नाव कोठे, किती मोठ्या अक्षरांत रंगवायचे हे त्यावरून ठरवले; ही काळजी मला फार मोलाची वाटली. रेल्वेच्या खालच्या बर्थखाली सहज सरकेल अशीच उंची त्यांनी सुचवली. पत्रा जाड आहे, आणि कडा आत वळवलेल्या असल्याने कपडे अडकून फाटत नाहीत. एक कडी सैल होती, ती सांगताच बदलून मिळाली. नावाचा पांढरा रंग नीट वाळण्यास वेळ लागतो, म्हणून पेटी निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये.

याच दुकानात धावण्याचे बूटही मिळतात, परंतु त्यांचा तळ कडक आहे, आणि 49 आठवड्यांच्या खडतर प्रशिक्षणासाठी ते घ्यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. बहिणीने बूट दुसरीकडून महिनाभर आधीच घेतले आणि अंबाझरी तलावाच्या परिसरात रोज पहाटे धावून ते पायांत रुळवले.