पुरात कोणता निरोप द्यावा: ‘दूध पावडर पाठवा’ की ‘बाळंतिणीला आधार द्या’?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या गावांत शिरलं. अशा वेळी लोकांना मदत तर करायची असते, प्रश्न असतो तो निरोप कोणता पसरतो याचा.

‘लेकरांसाठी दूध पावडर, बाटल्या पाठवा’ हे आवाहन चटकन मनाला भिडतं. पण पूर आलेल्या गावात पावडर कशात कालवणार? विहिरीत गढूळ पाणी, चुलीला ओलं जळण, बाटली उकळायची सोय नाही. इंडोनेशियात २००६ च्या भूकंपानंतर फुकट पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं. शिवाय आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालय वगळता अशी पावडर वा बाटल्या दान करायला मनाई आहे. हे बातमीत क्वचितच येतं, त्याचं वाईट वाटतं.

दुसरा निरोप फोटोत दिसत नाही: बाळंतिणीला आडोसा, पोटभर भाकरी-वरण आणि शुद्ध पाणी द्या, बाळाला वरचेवर अंगावर पाजू द्या. ‘धसक्यानं दूध आटलं’ असं सासू म्हणते, तेव्हा आशाताईनं सांगावं, ‘बाई, ताणानं पान्हा थोडा वेळ अडतो, दूध आटत नाही. लेकरू चोखत राहिलं की येतं.’ सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधासोबत मऊ खिचडी.

आई नसलेल्या बाळाला पावडर लागतेच. ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं द्यावी. सरसकट वाटपाची हाक मात्र वार्ताहरांनी छापू नये. त्याऐवजी निवारा केंद्रात बाळंतिणींची खोली कुठे आहे, ते छापावं.