आठवड्याचे गमतीचे प्रश्न: ग्रुपवरचा पोल बरा की फळा आणि चिठ्ठ्यांची पेटी?

वाडीच्या मंडळात नाहीतर वाचनालयात कुणीतरी टूम काढतं, की दर आठवड्याला चार गमतीचे प्रश्न टाकूया. एक खेळाचा, एक सणावाराचा, एक सिनेमा-नाटकाचा आणि एक असाच. प्रश्न जमवणं फार कठीण जात नाही. ते टाकायचे कुठे, यावर गाडी अडते. आमच्या मालवण बाजूला यासाठी दोनच सोयी आहेत: व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल, किंवा वाचनालयाच्या पडवीत फळा आणि खाली चिठ्ठ्यांची पेटी. मी दोन्ही चालवलं आहे. पोल कसा बनवतात आणि खडू कुठे मिळतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पोलची बाजू आधी घेतो, कारण ती मुळीच लंगडी नाही. आमची अर्धी वाडी डोंबिवली-नालासोपाऱ्याला असते. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, एरवी घरांना कुलपं. फळा लावलात तर या मंडळींचा पत्ताच कट. पोलमध्ये मात्र विरार लोकलमध्ये लटकलेला माणूसही उत्तर देतो, वर दोन टोमणे मारतो, आणि गावाकडचं कुणीतरी त्याला तिथल्या तिथे परत देतं. फक्त एवढ्यासाठी पोल निवडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. शिवाय एका पोलमध्ये बारा पर्याय बसतात, म्हणजे खऱ्या उत्तराभोवती थापांची चांगली गर्दी करता येते.

‘हो की नाही’ छापाचे प्रश्न तर पोलवरच शोभतात. रस्सीखेच कधी ऑलिम्पिकमध्ये होती का? शाळेच्या मैदानापलीकडे जिने कधी पाऊल टाकलं नाही असं वाटतं, ती 1900 ते 1920 या काळात खरोखर ऑलिम्पिकमध्ये खेळली जात होती. असा प्रश्न सकाळी टाकावा, संध्याकाळपर्यंत निकाल लावावा. फळ्यावर तो आठवडाभर उभा राहिला की शिळा होतो.

पावसाळ्याचा मुद्दा कुणीतरी काढेलच, म्हणून उरकून टाकतो. जुलैत लाईट जाते, तिच्यामागून रेंज जाते आणि पोल तसाच पडून राहतो. पण त्याच पावसात पागोळ्यांचे शिंतोडे उडून फळ्यावरचा तिसरा प्रश्न वाहून गेलेला असतो. दोघेही सारखेच भिजतात.

गुगलचंही तसंच. ‘लोक शोधून उत्तर देतात’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, मला ती फारशी पटत नाही. सचिनने एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक कोणत्या साली केलं, असं विचारलंत तर तो प्रश्नच गुगलचा आहे. 1994, कोलंबो, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. शोधणाऱ्याला दोष कशाला? त्याऐवजी पहिल्या शतकापर्यंत पोचायला त्याला किती सामने लागले, ते अंदाजाने लिहा म्हणा. त्याचा एकोणऐंशीवा सामना होता तो. लोक आठ लिहितात, बारा लिहितात, भक्तिभावाने एक लिहिणारेही निघतात. त्या एकवाल्यांना मग सांगायचं, की पहिल्या सामन्यात, 1989 साली गुजरांवालाला, साहेब शून्यावर बाद झाले होते. हशा असतो तो त्या आठ, बारा आणि एकमध्ये. बरोबर उत्तर लिहिणाऱ्याचं अभिनंदन करून सगळे पुढे सरकतात, चुकीचं उत्तर महिनाभर पुरतं.

आता माझं घोडं जिथे पेंड खातं तिथे येतो. आमच्या ग्रुपवरच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय? त्यातच सगळं आहे. वाडीत सगळ्यात आधी उठणारे म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. पहाटे फोन हातात घेतात, पोल दिसला की मत देतात. साडेसातला बाकीची मंडळी डोळे चोळत ग्रुप उघडतात, गुरुजींचं मत बघतात आणि त्याच्याच खाली आपलं टेकवतात. वाचून विचार करण्याची गरज कुणाला उरत नाही. गुरुजी आहेत ना.

उदाहरण देतो. 1939 साली डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात एक कसोटी झाली. कितीही दिवस चालो, निकाल लागेपर्यंत खेळायचं असं ठरलं होतं. तीन मार्चला सुरू झाली, चौदा तारखेला तशीच सोडून दिली. इंग्लंडला जिंकायला 696 हवे होते, पाच बाद 654 झाले होते. का सोडली? मी पर्याय दिले: पंच आजारी पडले, धावफलकावर आकडे मावेनात, पाहुण्यांची बोट सुटणार होती, यजमानांच्या घरी लग्न होतं. (शेवटच्या दिवशी पाऊसही आला होता, म्हणून तो पर्याय मुद्दाम ठेवला नाही, उगाच वाद नको.) गुरुजींनी पंचांना आजारी पाडलं. बघता बघता त्या पट्टीखाली नावांची रांग लागली. लग्नाला कुणी नाही, धावफलकाला कुणी नाही. बोटीला दोघे, तेही मुंबईचे, ज्यांना गुरुजींनी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी उत्तर टाकलं. इंग्लंडची बोट केपटाउनहून सुटणार होती आणि तिथे पोचायला रेल्वेचा लांबचा प्रवास होता, म्हणून बेचाळीस धावांसाठी न थांबता मंडळी निघाली. ग्रुप चिडीचूप. एक अंगठा, दोन हात जोडलेले, संपलं. हसणार कोण आणि कुणाला? हसलं तर ते गुरुजींना हसल्यासारखं दिसणार, आणि आपलंही नाव त्याच रांगेत.

हाच प्रश्न पुढे फळ्यावर लिहिला. तोवर ग्रुपवरचं उत्तर सगळे विसरले होते, जे वाचलंच नाही ते लक्षात कसं राहणार? फळ्यावर पर्याय दिले नाहीत, नुसतं ‘का सोडली?’ एवढंच. रविवारी संध्याकाळी पडवीत चिठ्ठ्या वाचल्या, नाव न घेता. नाव चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायचं आणि फक्त बरोबर उत्तराचंच उलटून बघायचं, हा आमचा नियम. एकाने लिहिलं होतं, ‘चेंडू पऱ्ह्यात गेला.’ दुसऱ्याने, ‘खेळपट्टीवर नांगरणी सुरू झाली.’ खरं उत्तर सांगितल्यावर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला येण्याचे दिवस पाहिलेले एक आजोबा म्हणाले, ‘बोट चुकात म्हणान खेळ सोडल्यानी? मगे ते आमच्यासारकेच!’ मग पाऊण तास बोटीच्याच गोष्टी. गुरुजी सगळ्यात मोठ्याने हसत होते. त्यांची चिठ्ठी कोणती, ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही.

सिनेमाच्या प्रश्नालाही हाच अनुभव. फाळक्यांच्या 1917 सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम कोण झालं आणि सीता कोण झालं? उत्तर एकच: अण्णा साळुंके, दोन्ही भूमिका त्यांच्याच. त्याआधी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही तेच होते. पोलवर हा प्रश्न चार नावांपुरता उरतो. पेटीत मात्र एक चिठ्ठी निघाली: ‘नाव ठाऊक नाही, पण एकच माणूस असणार. दशावतारात बघतोच की.’ नाव चुकलं, तर्क बरोबर. अर्धा गुण द्यावा की पूर्ण, यावर पडवीत दोन तट पडले. असं भांडण हवंहवंसं वाटतं.

नकोसं भांडण बघायचं असेल तर श्रावणाचा प्रश्न ग्रुपवर टाकून बघा. 2023 साली अधिक श्रावण आला, श्रावण दोन महिने चालला, गणपती एकोणीस सप्टेंबरला बसले. त्यातच एकतीस जुलैला मासेमारीची बंदी संपून होड्या पाण्यात गेल्या. तर मासे खाणाऱ्याने कळ काढायची किती दिवस? मी गमतीने विचारलं, ग्रुपवर धर्मसभा भरली. एक जण ग्रुप सोडून गेला, त्याला परत आणायला त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा लागला. पेटीत याच प्रश्नाला आलेलं एक उत्तर मला अजून आवडतं: ‘पापलेटचा भाव बघून ठरवू.’

टेलिग्रामवर प्रश्नमंजूषेचा वेगळा पोल आहे, 2020 पासून. त्यात तुम्ही स्वतः मत देईपर्यंत इतरांचा कौल दिसत नाही आणि दिलेलं मत बदलता येत नाही. म्हणजे माझी तक्रार तिथे सुटते. तुमचा ग्रुप कॉलेजच्या मुलांचा असेल तर जरूर बघा. आमच्याकडे काकवांना दुसरं अॅप शिकवण्यापेक्षा फळा पुसणं सोपं पडलं.

फळ्याचा त्रास आहे, लपवत नाही. दर शनिवारी कुणीतरी लिहायला हवं, आणि ते कुणीतरी बहुधा तुम्हीच असता. अक्षरं लावता लावता डोळे दुखतात. एकाच घरातली चार पोरं एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात वीस चिठ्ठ्या टाकतात. तुम्ही आठवडाभर मुंबईला गेलात की सगळं बंद. तुमची माणसं पाच गावांत विखुरलेली असतील, किंवा रोज संध्याकाळी लोक टेकतील अशी जागाच जवळ नसेल, तर सरळ पोल घ्या. फक्त ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंद करायला विसरू नका, ते आधीपासून चालू असतं. नाहीतर चारही पर्यायांवर खूण करून ‘माझं बरोबर आलं’ म्हणणारा एक इसम प्रत्येक वाडीत असतोच.

पण एसटीची वाट बघत लोक उभे राहतात असा एखादा कट्टा, पडवी किंवा दुकानाची ओटी असेल, तर मी आपला फळ्याच्या बाजूने. चाकरमान्यांसाठी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि उत्तरं मला एकट्याला पाठवा म्हणतो. त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहून पेटीत टाकतो. दर वेळी एखादा तरी उत्तर ग्रुपवरच लिहून मोकळा होतो. त्याचं उत्तर बाद, असं ठरवून टाका आणि पहिल्याच आठवड्यात तसं फळ्यावर लिहा. पेटी मिठाईच्या पुठ्ठ्याची नको, पहिल्याच पावसाळ्यात तिला वाळवी लागते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या आणि झाकणाला फट पाडून आणा.