महोत्सवातले इंडी बँड: छोटा मंच गाठाच
इंडी बँड, म्हणजे मोठ्या संगीत कंपनीविना स्वतंत्रपणे गाणी करणारे बँड, ऐकायचे तर शहरी महोत्सवातले छोटे मंच मोठ्या मंचापेक्षा कितीतरी सरस. सेट, म्हणजे एका बँडचा सलग कार्यक्रम, बहुधा 30-45 मिनिटांचे. मधल्या वेळात पूर्ण साउंडचेक (सगळ्या आवाजांचा मेळ बसवणं) होत नाही, नुसता लाइन चेक उरकतात, म्हणजे प्रत्येक माइक-वाद्याचा आवाज येतोय ना एवढंच बघतात. म्हणून पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज दबतो आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) छातीवर आदळतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत बहुतेकदा मेळ बसतो, तेवढा धीर धरा.

जागा मिक्सिंग डेस्कच्या (साउंड इंजिनिअर आवाज जुळवतो त्या टेबलाच्या) जरा पुढे, मधोमध पकडा. भिंतीलगत बेस घुमतो, शब्द विरतात. अगदी पुढे गिटारच्या अँपचाच (स्पीकरचाच) मारा. इअरप्लग हवेतच, कारण 100 डेसिबलला सुरक्षित मर्यादा जेमतेम 15 मिनिटांची. फोमचे बोळे वरचे सूर खाऊन टाकतात, सगळे सूर सारखेच हळू करणारे फिल्टरवाले घ्या. दोन सेट एकाच वेळी आले तर नवखा बँड निवडा. नावाजलेला पुन्हा कुठेतरी ऐकायला मिळतोच.