सायप्रस: एक फेडरेशन की दोन देश?
२००४ मध्ये तुर्कस्तान संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान प्लॅनच्या बाजूने होता, म्हणजे देश एक आणि घटकराज्यं दोन, सार्वमतात उत्तरेतल्या तुर्की सायप्रियटांनी ६५ टक्के होकार पण दिला, पण दक्षिणेतल्या ग्रीक सायप्रियटांकडून ७६ टक्के नकार आला आणि गाडी तिथंच अडकली. २०१७ ला स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंतानाची बोलणी फिसकटली, आणि आता अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचं सरकार, म्हणतं दोन वेगळे देशच हवेत. अहो पण १९८३ ला उत्तरेने स्वतःला वेगळा देश जाहीर केलं, तेव्हापासून तिला तुर्कस्तान सोडून कोणीच मान्यता दिली नाहीये, मग चर्चा पुढे जाणार कशी? मला तरी फेडरेशनच पटतं, उत्तरेतल्या तुर्की सैन्याचा आणि बाहेरच्या देशांच्या गॅरंटीचा (हस्तक्षेपाच्या हक्काचा) प्रश्न अवघड आहे खरा, पण १९७४ ला तुर्की सैन्य उतरल्यावर घरदार सोडावं लागलेल्यांना निदान आशा तरी राहते. २०२५ मध्ये उत्तरेत फेडरेशनवाले एरहुरमान अध्यक्ष म्हणून निवडून आलेत, अंकाराने आता त्यांचं ऐकावं.