फरिनाता की पानिस्सा: घरी काय करावं?

इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या या दोन्ही पदार्थांचं सामान एकच: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. फरक आचेचा. फरिनाता भट्टीत भाजतात, पानिस्सा चुलीवर घोटतात. जेनोव्हाच्या गल्लीत उभे असाल तर विचार करू नका, लाकडाच्या भट्टीतली फरिनाता घ्या. प्रश्न घरी करायचं म्हटल्यावर पडतो.

फरिनाताला वजनाने पिठाच्या तिप्पट पाणी. 32 सेंमी व्यासाच्या ताटाला 150 ग्रॅम पीठ, 450 मिली पाणी, 5 ग्रॅम मीठ, 50 मिली तेल. पीठ कालवून निदान चार-पाच तास, जमल्यास रात्रभर ठेवायचं आणि वर आलेला फेस पळीने काढून टाकायचा. तेल आधी ताटात, मग त्यावर पीठ ओतून लाकडी चमच्याने हलवायचं. तेलाचे थेंब वर तरंगतात आणि त्यांनीच वरचा पापुद्रा खरपूस होतो. थर अर्धा ते पाऊण सेंटिमीटर, त्याहून जाड नको.

इथवर सगळं सोपं. अडतं ते ओव्हनपाशी. तिकडे कल्हई केलेलं तांब्याचं भलं मोठं ताट 300 अंशांच्या भट्टीत जातं. खालून तापलेली फरशी, वरून जाळ. घरचा ओव्हन बहुधा 250 वर थांबतो. भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात आतला लुसलुशीतपणा वाळतो आणि वरचा रंग फिकाच राहतो. ताट आधी अगदी तळाशी आणि शेवटची पाच मिनिटं ग्रिलखाली ठेवलं तर बरंच सुधारतं. पण जाळी जराशी कलती असली की हे पाण्यासारखं पीठ एका बाजूला जमतं: इकडे 4 मिलिमीटरचा करपट कुरकुरीत काठ, तिकडे सेंटिमीटरभर गिच्च गोळा. जाळीखाली फॉइलची घडी सरकवून सपाटी साधावी लागते, तीही ताट गरम असताना. एवढं करून फरिनाता खायची ती निघाल्या निघाल्या. गार झाली की मऊ पडते, पुन्हा तापवली की चिवट होते. चार माणसं एकदम जेवायला बसणार नसतील तर मला हा खटाटोप परवडत नाही.

पानिस्सा पाटवड्या थापणाऱ्या हाताला लगेच ओळखीची वाटेल. 300 ग्रॅम पिठाला 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ. पाणी गारच घ्या आणि पीठ थोडं थोडं घालत कालवा. गरम पाण्यात गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. मग मंद आचेवर 45 ते 50 मिनिटं हात चालता ठेवायचा. पिठल्यासारखं घट्ट झालं म्हणून दहा मिनिटांत उतरवण्याचा मोह होतो, तिथेच बिघडतं. कच्चट वास राहतो आणि तुकडे तेलात फुटतात. गोळा कडा सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाड पसरा. ताट आधीच तयार हवं, कारण पीठ पटकन आवळतं.

दोन-तीन तासांनी बोटाएवढ्या पट्ट्या कापा, कोरड्या पुसून घ्या, नाहीतर तेल उडतं. 180 अंशांच्या तेलात थोड्या थोड्या तळा. लिगुरियातल्याच साव्होना शहरात हेच तळलेले काप पांढऱ्या पावात भरून खातात. पाककृती शोधताना मात्र जपून: शेजारच्या प्येमोंतेमधल्या व्हेर्चेल्लीची पानिस्सा म्हणजे तांदूळ आणि राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचा भात, तिचा हिच्याशी संबंध नाही.

पीठ म्हणून आपलं बेसन दोन्हींना चालतं. ते हरभऱ्याच्या डाळीचं आणि बारीक असतं, म्हणून चाळून घ्या. फरिनाताला चव किंचित उग्र येते; पानिस्सात एवढा वेळ शिजल्यावर ती जाणवत नाही, निदान माझ्या जिभेला.

पानिस्साची लादी फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहते. पाहुणे आले की तळा, नाहीतर तळूही नका: चौकोनी फोडी, पातीचा कांदा, लिंबू, मिरपूड आणि वरून कच्चं तेल. हे सगळं घालून अर्धा तास मुरू द्या.