गॅलेक्सी वाय, नोकिया 5233 की नवा कीपॅड फोन? छोटा फोन शोधणाऱ्यांसाठी

माझ्या बहिणीचा मुलगा अंबाजोगाईहून पुण्यात आलाय, स्पर्धा परीक्षेची तयारी करायला. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरतो आणि रात्री दहाला उठतो. मागच्या महिन्यात जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, तुझा तो छोटा फोन आहे का गं अजून? माझा मोठा फोन मी खोलीवरच ठेवायचं ठरवलंय. अभ्यासिकेत जाताना आईचा फोन आला तर उचलता आला पाहिजे आणि जाता-येता लेक्चर ऐकता आली पाहिजेत. बास." त्याच्या मित्रांपैकीही काहींना असंच काहीतरी हवं होतं. त्या सगळ्यांना एकदमच सांगता यावं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कपाटातून दोन फोन निघाले. एक माझा सॅमसंग गॅलेक्सी वाय. हा 2011 मध्ये बाजारात आला, मी 2012 मध्ये घेतला. दुसरा यांचा नोकिया 5233, 2010 चा. त्या काळात साधारण सात हजारांच्या आसपास बजेट असलेल्या माणसाच्या हातात हमखास या दोनपैकी एक दिसायचा. तिसरा पर्याय म्हणजे हजार-बाराशेत मिळणारा आजचा नवा कीपॅड फोन. हे तिन्ही मी दोन आठवडे आलटून पालटून वापरले.

हातात धरल्यावर

गॅलेक्सी वाय हातात घेतला की तो इतकी वर्षं का जपून ठेवला ते मला लगेच आठवतं. उंची 104 मिलिमीटर, रुंदी 58 आणि वजन शंभर ग्रॅमच्याही आत. आजचा साधा फोन याच्या दुप्पट भरतो. मी तेव्हा कोथरूड डेपोहून हडपसरला बसने जायचे. एका हाताने वरचा दांडा धरलेला आणि दुसऱ्या हातात हा फोन, अंगठा पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सहज पोहोचायचा. कुर्त्याच्या लहान खिशात राहायचा आणि वाकलं तरी बाहेर पडायचा नाही. इतका आटोपशीर स्मार्टफोन आज दुकानात मागितला तर मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लहान हातांच्या माणसांनाही फोन लागतो.

नोकिया 5233 थोडा लांबट आणि जाड आहे, वजन सुमारे 115 ग्रॅम. तोही आजच्या मानाने छोटाच, पण त्याचा पडदा दाबाचा आहे. बोट नुसतं टेकवून चालत नाही, नखाने किंवा काडीने दाबावं लागतं. ज्यांना आता बोट सरकवायची सवय झालीय त्यांना पहिले दोन दिवस फार जड जातात. भाच्याने पाच मिनिटांत तो बाजूला ठेवला.

पडद्याच्या बारकाव्यात मात्र नोकिया सरळ पुढे आहे. गॅलेक्सी वायच्या तीन इंची पडद्यावर 240 गुणिले 320, म्हणजे 76,800 ठिपके. नोकियाच्या 3.2 इंची पडद्यावर 360 गुणिले 640, म्हणजे 2,30,400. बरोबर तिप्पट. शेजारी शेजारी ठेवून अक्षरं पाहिलीत तर वायवरच्या अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. वायच्या पडद्यावर पीडीएफ वाचायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. राज्यघटनेचं एक कलम वाचायला चार वेळा डावीकडून उजवीकडे सरकावं लागतं आणि डोळे दुखतात.

कॅमेरा दोन्हींकडे 2 मेगापिक्सेलचा. फ्लॅश नाही, पुढचा कॅमेरा नाही, फोकस बदलता येत नाही. जवळून काढलेला वहीच्या पानाचा फोटो पुसटच येणार.

इंटरनेटचं आता काय उरलंय

इथे मला थोडं थांबायचंय, कारण जुना स्मार्टफोन घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. कागदावर गॅलेक्सी वाय खूप सरस होता. त्यात वाय-फाय, थ्रीजी आणि जीपीएस तिन्ही होतं. नोकिया 5233 मध्ये यातलं एकही नव्हतं, फक्त टूजीचं संथ नेट. 2012 मध्ये कुणी विचारलं असतं तर याच एका कारणासाठी मी वाय घ्यायला सांगितलं असतं.

आज तो फरक जवळजवळ मिटलाय. वायवर अँड्रॉइड 2.3 आहे. या आवृत्तीवरचं व्हॉट्सअ‍ॅप 1 फेब्रुवारी 2020 पासून बंद झालं. 27 सप्टेंबर 2021 पासून गूगलने 2.3.7 आणि त्याआधीच्या अँड्रॉइडवर खात्यात लॉगिन करणंच थांबवलं, त्यामुळे जीमेलही नाही आणि प्ले स्टोअरही नाही. वेबसाइट आता ज्या सुरक्षित जोडणीने उघडतात, ती जोडणी या जुन्या ब्राउझरला जमत नाही. वाय-फाय लागतं, वर खूणही दिसते, आणि बहुतेक पानं उघडत नाहीत. एअरटेलने देशातलं थ्रीजी 2020 मध्येच गुंडाळलं, म्हणजे त्या सिमवर वायलाही टूजीच मिळणार.

ज्याला नेट हवंय त्याच्यासाठी हा दोष इतका मोठा आहे की पुढचं वाचायची गरजच नाही. भाच्याला मात्र नेमकं हेच हवं होतं. मन कितीही ओढलं तरी या फोनवर रील उघडणार नाही. ते बंद करायला कुठलं अ‍ॅप टाकावं लागत नाही आणि स्वतःशी भांडावं लागत नाही.

त्या काळातला या फोनचा खरा जाच म्हणजे जागा. फोनची स्वतःची मेमरी सुमारे 180 एमबी. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि एखादा कीबोर्ड टाकला की मेमरी संपल्याचा इशारा यायचा. मग एक काढा, दुसरं टाका, असं चालायचं. प्रोसेसर 832 मेगाहर्ट्झचा, पण जुन्या घडणीचा, त्यामुळे काही अ‍ॅप तेव्हाही त्याला मिळत नसत. आज नवीन काही टाकायचंच नाही म्हटल्यावर हा जाच आपोआप संपला. सगळी अ‍ॅप काढून टाकल्यावर माझा फोन घेतला त्या दिवसापेक्षा चपळ चालतोय.

देवनागरीची परीक्षा

मराठी माणसाने जुना अँड्रॉइड घेताना ही गोष्ट पहिल्यांदा बघावी. अँड्रॉइड 2.3 मध्ये गूगलने देवनागरीची सोय मुळात दिलेली नव्हती. फोन बनवणाऱ्याने स्वतः भर घातली असेल तरच अक्षरं दिसत, नाहीतर नुसते चौकोन. कधी अक्षरं दिसायची पण वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली. त्या दिवसांत आम्ही ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक युक्ती करायचो. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', दोन टिंबं आणि 'कॉन्फिग' असं इंग्रजीत टाईप करायचं, की एक सेटिंगचं पान उघडायचं. त्यात अवघड लिप्या चित्ररूपात दाखवायचा पर्याय चालू केला की मराठी पान नीट दिसायचं, कारण अक्षरांची चित्रं ऑपेराच्या सर्व्हरवरूनच बनून यायची. पुण्यात बसमध्ये उभं राहून मराठी ब्लॉग वाचायचा आनंद मला त्या युक्तीने दिला, आणि तो मी विसरलेले नाही.

आज प्रश्न एसएमएसचा आहे. सरकारी आणि बँकेचे बरेच संदेश मराठीतून येतात. फोन ठरवण्याआधी त्यात सिम घालून स्वतःलाच एक संदेश पाठवा: 'क्षमस्व, विद्यार्थ्यांची निवड झाली आहे.' क्ष, द्य, र्थ्य हे तिन्ही नीट उमटले तर फोन चालेल.

ऐकण्यासाठी

भाच्याचा मुख्य उपयोग हा, आणि इथे गॅलेक्सी वाय तिघांत पहिला. 3.5 मिलिमीटरचं साधं इअरफोनचं भोक आहे आणि 32 जीबीपर्यंत कार्ड लागतं (नोकियाला 16 जीबीपर्यंत). लेक्चरचा आवाज 64 केबीपीएसच्या एमपीथ्रीत बदलून घेतला तर एका तासाला 29 एमबीपेक्षा कमी जागा लागते. म्हणजे वायसोबत मिळालेल्या 2 जीबीच्या जुन्या कार्डातही साठ-पासष्ट तास बसतात. दोन तासांची सलग फाइल मात्र ठेवू नका. इतक्या छोट्या पडद्यावर हवा तो मिनिट शोधणं फार कष्टाचं आहे. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून क्रमांक घालून ठेवा.

एफएम रेडिओ वाय आणि 5233 दोन्हींत आहे, इअरफोन लावल्याशिवाय लागत नाही कारण तीच त्याची एरियल. विविध भारती 101 वर आणि विद्यापीठाची विद्यावाणी 107.4 वर मला घरात स्पष्ट ऐकू आली. आकाशवाणी पुणे केंद्राचं 792 किलोहर्ट्झवरचं प्रसारण मध्यम लहरींवर असतं, ते यांवर मिळणार नाही.

सिम, बॅटरी, चार्जर

जिओचं सिम या दोन्ही जुन्या फोनांत चालत नाही. जिओकडे टूजी किंवा थ्रीजी मुळातच नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घ्या, त्यांच्या टूजीवर फोन आणि ओटीपी दोन्ही येतात. दोन्ही फोनांना जुन्या मोठ्या आकाराचं सिम लागतं, म्हणून नवीन सिम घेतल्यावर त्याभोवतीची प्लास्टिकची चौकट फेकू नका. नॅनो सिम त्याच चौकटीत बसवून आत सरकवता येतं. गूगलचं लॉगिन नसल्याने नंबर मोठ्या फोनातून एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढा, ती कार्डावर टाका आणि वायच्या संपर्क यादीत तिथून आयात करा. दोन मिनिटांचं काम आहे.

बॅटरी वायची 1200 एमएएच, 5233 ची 1320. दोन्ही मागचं झाकण उघडून बदलता येतात, आणि आजच्या फोनांशी तुलना करताना मी हा गुण फार वर ठेवते. नोकियाची बीएल-5जे बॅटरी पुढे ल्युमिया 520 मध्येही वापरली गेली, त्यामुळे ती मिळायला सोपी. वायसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्यांदा स्वस्तातली घेतली, ती आठ दिवसांत फुगली आणि मागचं झाकण वर आलं. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नका. दुसरी बॅटरी टेबलावर सपाट ठेवून, फिरते का ते पाहून घेतली (फुगलेली बॅटरी गरगर फिरते, चांगली फिरत नाही). नेट बंद ठेवून दोन दिवस आरामात जातात.

चार्जरच्या बाबतीत वाय सोयीचा, मायक्रो यूएसबीवर चालतो. 5233 ला नोकियाची ती बारीक पिनच लागते. ती हरवली की फोन कपाटात जातो, आमच्याकडे तेच झालं होतं.

मग नवा कीपॅड फोन का नको?

बऱ्याच जणांसाठी तोच योग्य आहे. 2023 चा नोकिया 105 तेराशे रुपयांच्या आत आला, नवी बॅटरी, वॉरंटी आणि यूपीआय 123पेची, म्हणजे नेटशिवाय फोन लावून पैसे पाठवायची सोय घेऊन. जिओचा नंबर बदलायचा नसेल तर जिओभारत व्ही2 आहे, 999 रुपयांना आलेला, फोरजीवर चालणारा, पण तो फक्त जिओच्याच सिमवर चालतो. त्यात गाणी आणि चित्रपटांची सोय दिलेली आहे, त्यामुळे मन भटकू नये म्हणून फोन बदलणाऱ्याने तो घेऊ नये असं माझं मत.

पैशांचा प्रश्न तिघांसाठीही अवघड आहे. पुण्यात चहाच्या टपरीवरही क्यूआर लावलेला असतो, तो यांपैकी जुन्या फोनांवर स्कॅन होत नाही. तारा 99 हॅश हा क्रमांक लावून कुठल्याही फोनवरून पैसे पाठवता येतात, पण पायऱ्या बऱ्याच आणि मागे माणसं उभी. भाचा आता रोज शंभर रुपये सुटे घेऊन निघतो. मेसचे पैसे महिन्यातून एकदा मोठ्या फोनवरून देतो.

घरात आजी-आजोबा असतील, फोन नुसता घ्यायचा आणि करायचा असेल, तर नवा कीपॅड फोनच घ्या. बटणं दाबल्याचं बोटाला कळतं. 5233 मी फक्त एकाच माणसाला सुचवेन, ज्याच्या घरी तो आधीच आहे, पिन सापडलीय आणि काडीने लिहायची सवय होती. बाहेरून विकत घेण्याइतकं त्यात आता उरलेलं नाही. वाय त्याच्यासाठी, ज्याला तासन्‌तास ऐकायचंय, खिशात ओझं नकोय आणि नेटपासून ठरवून लांब राहायचंय.

घरात नसेल आणि पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी तारा हॅश 06 हॅश दाबा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक येईल. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस 14422 ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर उत्तरात कळतं. त्यानंतर झाकण उघडून बॅटरी बघा, इअरफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का बघा आणि पडद्याखालचं मधलं बटण दहा वेळा दाबून बघा. वायचं मधलं बटण खरं आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंची बटणं स्पर्शाची आहेत, तीही तपासा.

वाय भाच्याने नेलाय. दर रविवारी तो कार्ड घेऊन घरी येतो, मी संगणकावर आठवड्याची लेक्चर भरून देते, आणि जाताना माझ्याकडे चार्ज करून ठेवलेली दुसरी बॅटरी तो डब्यासोबत पिशवीत टाकतो.